तळणाच्या तेलावरची काळी-पिवळी

“सांडल्या तेलावर दुनिया घसरती, तातेराव पळतो!”

हे वाक्य तातेराव जाफराबादच्या स्टँडवर म्हणायचा, सोयऱ्याच्या साखरपुड्यात म्हणायचा, न्हाव्यापुढं तोंडाला साबण लावून बसला असतानाही म्हणायचा. एकदा तेराव्याच्या पंगतीत त्यानं ते मयताच्या थोरल्या लेकालाच ऐकवलं. त्या बिचाऱ्यानं नुसती मान हलवली. तातेरावला ती दाद वाटली. दाद ओळखायला तातेराव कधी चुकत नसे. जिथं नसायची तिथंसुद्धा त्याला ती दिसायची.

त्याची बायको सत्यशीला हे वाक्य सुरू झालं की घागर उचलून पाण्याला निघायची. घागर भरलेली असली तरी.

तातेरावची काळी-पिवळी जीप होती. गाव ते जाफराबाद, जाफराबाद ते गाव. जीप म्हातारी होती, पण म्हातारीला वळण चांगलं होतं. जे पाजाल ते पिऊन चालायची. हे तातेरावला कळलं मोबाईलवर. तिकडं कुठल्या तरी बर्फाच्या मुलखात एक लाल नाकाचा, दाढीवाला गोरा माणूस गुडघाभर बर्फात उभा राहून आपली गाडी चक्क तळणाच्या तेलावर चालवताना दिसला. तो काय बोलत होता त्यातलं एक अक्षर तातेरावला कळलं नाही. पण माणूस बोटानं दाखवत होता ते सगळं कळलं. दोन टाक्या होत्या. बारक्या टाकीत डिझेल, मोठ्या टाकीत तेल. गाडी सुरू करायची डिझेलवर. इंजिन तापलं की रेडिएटरचं कढत पाणी तांब्याच्या नळीतून तेलाच्या टाकीत फिरतं, तेल पातळ होतं, मग कॉक फिरवून गाडी तेलावर घ्यायची. अन् मुक्कामाला पोचायच्या आधी थोडा वेळ परत डिझेल, म्हणजे नळ्यांत तेल राहून रात्रीच्या गारठ्यात गोठायला नको.

“तो बर्फात चालवतो,” तातेराव म्हणाला, “अन् आपल्या जालन्यात थंडी ती काय? थंडीची पोरगी!”

जाफराबादच्या फ्रिजवाल्याकडून त्यानं तांब्याची जुनी नळी आणली. तेल मिळालं राधेश्यामच्या हॉटेलात. राधेश्यामला तळून तळून काळं झालेलं तेल कुठं ओतावं हा घोर होता. नाल्यात ओतलं की शेजारी भांडायचे. त्यानं आनंदानं डबे भरून दिले. पुढं तर तो स्वतः हाक मारून द्यायला लागला, कारण तातेरावच्या जीपच्या धुराला भज्याचा वास यायचा. त्या वासात तासभर बसलेली माणसं स्टँडवर उतरली की कचेरीत जायच्या आधी, दवाखान्यात जायच्या आधी, सरळ राधेश्यामच्या कढईसमोर जाऊन उभी राहायची. पंचायत समितीत एक म्हातारा घरकुलाची चौकशी करायला निघाला होता, तो तीनदा भजी खाऊन माघारी आला आणि कचेरीचं दार त्यानं पाहिलंच नाही.

तेल फुकट होतं असं तातेराव सगळ्यांना सांगायचा. खरंच होतं. ते डबे घरी आल्यावर चुलीवर कोमट करायचे, त्यातली कांद्याच्या चकत्यांची जळकी राळ काढायची, मग लुगड्याच्या चारपदरी फडक्यातून गाळायचं, दोन दिवस निवळत ठेवायचं, वरचं अलगद ओतून खालचा गाळ टाकायचा, हे सगळं सत्यशीला करायची. तीही फुकटच होती. पहिलं फडकं जे फाटलं ते तिच्या माहेरच्या इरकलीचं होतं. तातेरावला ते कापड बघताक्षणी पसंत पडलं होतं.

“याची वीण बारीक हाय,” तो म्हणाला होता. लग्नानंतर तिच्या कुठल्याही साडीची त्यानं केलेली ही एकच स्तुती.

सत्यशीलानं स्वतःचं असं एकच काम काढलं होतं, ते म्हणजे रेशीम. घरामागच्या रानात तिनं तुती लावली, पत्र्याचं शेड उभं केलं आणि त्यात अळ्या पाळल्या. अळ्या म्हणजे नवसाची लेकरं. त्यांना ओला पाला चालत नाही, धूर चालत नाही, उग्र वास तर बिलकुल चालत नाही. म्हणून तिनं तातेरावला जीप शेडपासून लांब, मारुतीच्या पाराकडं लावायला सांगितली. हे तातेरावला लागलं.

“माझ्या गाडीपरीस किडे मोठे झाले का?”

“किडे न्हाईत, अळ्या हायेत. अन् मोठे झाले तर बरंच हाय, तेच पाह्यजे,” सत्यशीला म्हणाली आणि पाला चिरायला बसली.

त्या हिवाळ्यात तिची पहिली रास चांगली साधली. अळ्या पिवळसर, काचेसारख्या झाल्या, चंद्रिकांवर, म्हणजे कोष विणायच्या बांबूच्या जाळ्यांवर, चढल्या, आणि पाहता पाहता सगळं शेड पांढऱ्या कोषांनी भरून गेलं. सकाळी दार उघडलं की झाडाला चिंचांऐवजी मोती लागल्यासारखं दिसायचं. ती कितीदा तरी उगाच आत जाऊन उभी राहायची. कोष कानाशी धरून हलवायची. आत किडा खुळखुळ वाजायचा. जगात आपल्यामुळं काहीतरी पांढरंशुभ्र झालं, हे तिला पहिल्यांदा दिसत होतं. एरवी तिच्या हाताला काळं तेलच यायचं.

पण कोषाचं एक असतं. तो थांबत नाही. ठरल्या दिवसांत विकला नाही तर आतल्या किड्याचं पाखरू होतं, ते कोषाला भोक पाडून बाहेर येतं, आणि भोक पडलेल्या कोषाला बाजारात कुणी हात लावत नाही. त्यात गावचा सप्ताह आडवा आला. सप्ताहात माल काढायला माणूस मिळेना, दोन दिवस तिथंच गेले. काल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी जालन्याच्या रेशीम बाजारात बोलीला माल पोचायलाच पाहिजे होता. त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजार बंद, आणि तिसऱ्या दिवशी पाखरं.

तिनं धर्मराजची जीप सांगून ठेवली. धर्मराज म्हणजे तातेरावचा स्टँडवरचा वैरी. त्याची जीप डिझेलवर चालायची, वेळेवर निघायची आणि कशाचाच वास द्यायची नाही. अशा गाडीबद्दल सांगण्यासारखं काही नसतं, म्हणून धर्मराजही फारसा बोलत नसे. पण काल्याच्या पंगतीत पुरी वाढता वाढता त्याला राहवलं नाही.

“तात्या, वहिनीचा माल माझ्या गाडीत चाल्ला. मंग तुमची गाडी काय नुसती भूक लावायला ठिवली का?”

पंगत हसली. तातेराव पानावरून उठला. पान अर्धं होतं, बुंदी तशीच होती.

“धर्मराज, तुजी गाडी ऱ्हाऊ दे घरी. उद्या माझ्या घरचा माल माझ्या गाडीत जाईल. जालन्यापर्यंत!”

“शेवटी डिझेलवरच सुरू करताल ना?” धर्मराज म्हणाला. “सुरू करायला डिझेल, बंद करायला डिझेल. मधल्यामधी तेल. नवरदेव आमचा, घोडं आमचं, तुमची नुसती शेरवानी!”

आता पंगत हसली ती पोट धरून. तातेरावच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. आणि अशा वेळी माणसानं पाणी प्यावं, तर त्यानं शपथ घेतली.

“आजपासून डिझेलचा थेंब माझ्या गाडीत जाणार न्हाई! मारुतीरायाची आन!”

टाळ्या वाजल्या. गाव मोठं दिलदार. दुसऱ्याच्या शपथेला टाळी वाजवायला त्याला कधी काही कमी पडलं नाही.

या गावात एक रीत आहे. काल्याच्या कढईत उरलेलं तेल कुणी घरी नेत नाही, विकतही नाही. ते मारुतीचं. वर्षभर त्याच्या दिव्याला पुरतं. तातेरावनं भर पंगतीत पुढाऱ्यांकडं पदर पसरला, म्हणजे उपरण्याचं टोक पसरलं, आणि म्हणाला, “दिव्याला बाटलीभर ठिवा. बाकीचं मला द्या. देवाच्या तेलावर देवाचं नाव घेऊन गाडी पळवीन.” शपथ घेतलेल्या माणसाला नाही कसं म्हणायचं? पुढाऱ्यांनी कढई सोपवली.

सत्यशीला बायकांत पुऱ्या लाटत बसली होती. आचाऱ्यानं यंदा बुंदीला तुपाचा वास यावा म्हणून तेलात वनस्पती तुपाचे डबेच्या डबे उपडे केलेले तिनं डोळ्यांनी पाहिले होते. घरी आल्यावर ती म्हणाली,

“आवं, त्यात वनस्पती हाय. सकाळी खोबऱ्यासारखं गोठंल.”

तातेराव त्या वेळी जीपखाली आडवा होता. डिझेलची बारकी टाकी खोलून काढत होता.

“देवाच्या तेलाला नावं ठिवती?”

“देव गोठत न्हाई. तूप गोठतंय. तुमचा तो बर्फातला माणूस तरी तूप घालतो का टाकीत?”

“तू गाळलं का न्हाई एवढं सांग.”

“आज न्हाई गाळणार. माजे कोष काढायचेत.”

तेल मग त्यानं स्वतः गाळलं. लग्नानंतर पहिल्यांदा. दोनदा गाळलं असं तो म्हणाला. फडकं मात्र एकदाच भिजलेलं होतं. ते टाकीत ओतलं, जीप पारापर्यंत नेऊन बघितली, कढत तेलावर ती गुळासारखी गोड चालली. तातेरावनं पाराला एक चक्कर जास्तीची मारली. धर्मराजच्या घरावरून.

पहाटे अशी थंडी पडली की हरभऱ्याच्या पानापानावर दव टोचून बसलं होतं आणि गावातली कुत्री चुलीच्या राखेत नाक खुपसून पडली होती. सत्यशीलानं कोषांची पोती पारापाशी, जीपजवळ आणून ठेवली. पोती मोठी पण हलकी. कोषाला वजन ते काय. सैल भरली होती, कारण दाबून भरलं की कोष घामेजतात आणि डाग पडतात. तातेरावनं चावी फिरवली. जीप म्हणाली, घर्र. परत फिरवली. जीप म्हणाली, घ. तिसऱ्यांदा ती काही म्हणाली नाही.

त्यानं टाकीचं झाकण काढून बोट घातलं. बोट आत गेलंच नाही. वर पांढरी, घट्ट साय धरली होती.

“थंडीची पोरगी काय म्हणती?” सत्यशीलानं विचारलं.

तातेरावनं पाटीभर गोवऱ्या आणल्या, पेटवल्या, घमेल्यात भरून टाकीखाली सरकवल्या. धूर झाला. शेजारपाजारचे हात शेकायला जमले. कुणी घरून पाट आणला, कुणी तपकीर काढली. तातेरावच्या जीपचा गावाला एवढा थेट फायदा आजवर झाला नव्हता. सत्यशीलानं पोती ओढत ओढत पारापलीकडं नेली आणि त्यांच्या अन् धुराच्या मधे स्वतः उभी राहिली, लुगड्याचा पदर पसरून, कोंबडी पिलांवर पंख धरते तशी.

“आवं, धर्मराजची गाडी अजून गावात हाय. सांगू का?”

“घरची गाडी असताना? लोक काय म्हनतील?”

लोक पाटावर बसून हात शेकत होते. ते जे म्हणायचं ते म्हणतच होते.

शेवटी तेल सुटलं, जीप खोकली, थुंकली आणि सुरू झाली. तातेरावनं सगळ्यांकडं बघून असा हात केला जणू आगगाडी ओढून आणलीय. पोती मागं भरली. सत्यशीला त्यांना धरून बसली. झुंबरबाई नावाची म्हातारी मेथीच्या जुड्या घेऊन चढली. तिला जालन्यात लेकीकडं जायचं होतं आणि तातेरावच्या गाडीवर विश्वास ठेवणारी ती शेवटची शीट होती. विश्वास म्हणण्यापेक्षा तिला कमी दिसायचं.

गावाची शीव ओलांडली तोवर ठीक होतं. तातेराव गाऊ लागला होता. तांब्याच्या नळीतलं पाणी अजून पुरतं कढलं नव्हतं आणि गोवऱ्यांनी दिलेली ऊब ओसरत चालली होती, पण हे इंजिनाला कळत होतं, गाणाऱ्याला कळत नव्हतं. टेंभुर्णीच्या अलीकडं नाल्यावरचा पूल लागतो. तिथं दोन्हीकडून मोकळं रान, आणि नाल्यातून येणारा वारा सुरीसारखा. पुलावर जीपनं एक लांब श्वास घेतला आणि सोडलाच नाही.

तातेराव उतरला. नळी सोडवून बघितली. नळीतून मेणबत्तीसारखी पांढरी कांडी बाहेर आली. त्यानं ती मोडून बघितली, हुंगली. बुंदीचा वास आला.

“काय झालं रे बाबा?” झुंबरबाईनं विचारलं.

“काही न्हाई, मावशी. उनाची तिरीप आली की सुटतंय. बसा निवांत.”

“कवा येती तिरीप?”

“आली म्हनून समजा.”

पूर्वेला नुसतं तांबडं झालं होतं. तुरीच्या शेंगांवर अजून काळोख बसला होता. सत्यशीलानं एका पोत्यात हात घातला. आतला ऊबदारपणा तिला आवडला नाही. तिनं पोत्यांची तोंडं मोकळी केली, एकेक पोतं हलवून वारा दिला. मग एक कोष काढून कानाशी धरला. आत खुळखुळ होती, पण कालच्यासारखी नव्हती. आतला जीव बदलत होता. त्याला बोलीशी, शपथेशी, मारुतीशी काही देणंघेणं नव्हतं.

मागून धर्मराजची जीप आली. भरलेली होती. धर्मराजनं पुलावर थांबवली. त्यानं टोमणा मारला नाही, आणि तेच तातेरावला जास्त झोंबलं.

“वहिनी, माल घ्या इकडं. बोलीच्या आधी पोचवतो.”

“जागा कुठं हाय तुज्याकडं?” तातेराव म्हणाला. “जा तू. आम्ही येऊन राह्यलो मागून.”

धर्मराजच्या गाडीतली माणसं एकमेकांकडं बघू लागली. एक मास्तर होते, दोन पोरी कॉलेजला निघालेल्या, एक जण बहिणीला बघायला दवाखान्यात चाललेला. मास्तर म्हणाले, “हलकी पोती दिसतात. मांडीवर घेऊ एकेक.”

तातेराव आपल्या जीपच्या मागच्या दाराशी जाऊन उभा राहिला. दोन्ही हात दाराला लावून.

“कुणी उतरायचं न्हाई. ही घरची गाडी हाय. इज्जतीचा सवाल हाय. तासभरात सुटतंय तेल.”

सत्यशीला आतूनच त्याच्याकडं बघत होती. त्याच्या मिशीवर गोवरीची राख बसली होती. शेंबडाचा थेंब लोंबत होता आणि थंडीनं नाक लाल झालं होतं, थेट त्या बर्फातल्या माणसासारखं. तिला क्षणभर हसू आलं आणि क्षणभर वाईटही वाटलं. मग हातातला कोष खुळखुळला.

“व्हा बाजूला,” ती म्हणाली.

“शीले, सगळ्यांदेखत...”

“शपत तुम्ही सगळ्यांदेखत घेतली. मी मोडून न्हाई राह्यले. तुमचं तेल गोठलंय, ते थांबंल. माजे किडे न्हाई गोठले. आत जागे हायेत. ते तुमच्या तिरीपीची वाट बघणार न्हाईत.”

“लोक काय म्हनतील?”

“लोक मांडीवर पोती घ्यायला तयार हायेत. इचारा त्यांना.”

ती मागच्या दारातून उतरली नाही. समोरच्या फटीतून सीटवर पाय देऊन पुढच्या दारानं उतरली, वळसा घालून मागं आली, आणि पोत्याला हात घातला. तातेरावचे हात दाराला तसेच होते. ती त्याच्या बगलेखालून पोती ओढून काढत राहिली, एक, मग दुसरं. तो दार अडवून उभा होता आणि माल त्याच्या हाताखालून निघून चालला होता. झुंबरबाई तेवढ्यात मेथी छातीशी धरून पुढच्याच वाटेनं उतरली.

“मावशी, तुम्ही तरी!” तातेराव म्हणाला.

“बाबा, माज्या लेकीला कळवलंय मी. तुजं तेल गोठलंय हे तिला कुणी कळवलं न्हाई.”

पोती मास्तरांच्या मांडीवर गेली, पोरींच्या मांडीवर गेली, दवाखान्यात चाललेल्या माणसानं दोन घेतली. सगळ्यांनी ती बारशातल्या लेकरासारखी धरली होती. कुणाला आवळून धरावं वाटलं नाही. सत्यशीला मागच्या फळीवर बसली.

आता रिकाम्या जीपचं दार अडवून उभं राहण्यात काही राम नव्हता. हे कळायला तातेरावला जरा वेळ लागला. मग त्यानं हात काढले, आतून पत्र्याचा डबा घेतला आणि कुणी विचारलं नसताना मोठ्यानं म्हणाला,

“त्या वस्तीवरून कढत पाणी आणतो. पाण्यानं सुटंल. तुमच्या आधी पोचतो का न्हाई बघा!”

वस्ती दोन रानं ओलांडून, एका खोल ओढ्यापलीकडं होती. चुलीचा धूर दिसत होता एवढंच. तिथून कढत पाणी आणेपर्यंत त्याचं सरबत झालं असतं. धर्मराजनं गिअर टाकायच्या आधी थोडा वेळ घेतला. तात्या वळला तर त्यालाही बसवावं असं त्याच्या मनात असावं.

तातेराव वळला नाही. पुलावरून उतरला, बांध ओलांडला आणि हरभऱ्यातून चालू लागला. दवानं त्याचं धोतर गुडघ्यापर्यंत भिजून पायाला चिकटलं. डबा मांडीवर आपटत होता. जीप सुरू झाल्याचा आवाज त्याला ऐकू गेला असणार, कारण पाठमोऱ्यानंच त्यानं हात वर केला आणि दोनदा हलवला, कंडक्टर गाडीला ‘जाऊ द्या’ म्हणतो तसा. जणू गाडी त्याच्याच हुकमानं निघाली होती.

मास्तर हसले. पोरी हसल्या. झुंबरबाईला दिसलं नाही, तिनं विचारलं, “गेला का?”

“चाललेत,” सत्यशीला म्हणाली.

ती मागच्या फळीवर उलट्या तोंडानं बसली होती. रानात ऊन उतरू लागलं होतं. हरभऱ्यात त्याच्या मागं ओल्या पायांची एक काळी वाट पडत गेली, आणि ओढ्याच्या काठाशी तो बारका होत होत खाली उतरला. तोपर्यंत ती बघत होती. पोत्यावरचा तिचा हात जागचा हलला नव्हता.